वार बघून मरणारी बॅटरी

कुठल्याही वायरला हात लावायचा असला की अप्पा डावा हात पाठीमागे नेऊन कमरेवर घट्ट धरायचे. काम सगळं उजव्या हातानं. विजेच्या खांबावर हे ठीक आहे, पण दारावरची बेल दाबतानाही त्यांचा डावा हात मागेच असे. मिक्सरचं बटण, पंख्याचा रेग्युलेटर, एकदा तर आमच्या गणपतीपुढची चिमुकल्या दिव्यांची माळ काढतानासुद्धा. गल्लीत नवीन राहायला आलेल्या माणसाला वाटायचं, म्हातारा भलताच ऐटबाज दिसतो, बेल वाजवतो तीही जहागीरदारासारखी. मी एकदा न राहवून विचारलंच.

"सर, एका हातानं शिरली तर ती पायातून जमिनीत जाती," अप्पा म्हणाले. विजेला ते 'ती' म्हणत, घरातल्या तापट बाईबद्दल बोलावं तसं. "दोन्ही हात लावले तर ह्या हातानं शिरून त्या हातानं निघती. अन् मधात काय हाय?"

मी स्वतःच्या शर्टाच्या बटणांकडे बघितलं.

"काळीज हाय मधात! तुमी पोरायला काय शिकवता मग?"

मी हायस्कुलात बावीस वर्षं विज्ञान शिकवतो. विजेचा धडा मला पाठ आहे, झोपेतून उठवलं तरी आकृतीसकट सांगेन. पण त्या बावीस वर्षांत एकाही मुलाला मी ही गोष्ट सांगितली नव्हती, कारण ती मलाच ठाऊक नव्हती. घरी येऊन मी बराच वेळ स्वतःचे दोन हात पाहत बसलो. अप्पांच्या बाबतीत मी असा सुन्न होण्याची ती पहिली वेळ. पुढे त्याची मला सवयच लागायला हवी होती, पण ती काही लागली नाही.

अप्पा आमच्या जिंतूरच्या गल्लीतले शेजारी. तीसेक वर्षं खांबावर चढून निवृत्त झालेले लाइनमन. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बनियनच्या आत चांदीच्या डबीतलं लिंग, पायात घरातही रबरी चपला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा, सून आणि विजेची हत्यारं यांच्यात राहायचे. त्यांचं खरं नाव मला त्यांच्या निवृत्तीच्या सत्काराच्या पत्रिकेवर पहिल्यांदा दिसलं आणि हे कुणाचं म्हणून मी बायकोला विचारलं होतं. सगळ्या गल्लीला ते लाइनमन अप्पा. आईला ते 'अक्का' म्हणत आणि मला 'सर', पण त्या 'सर'मध्ये आदर किती आणि टोचणी किती याचा हिशेब मला कधी लागला नाही.

आमच्या घरात त्यांचं येणंजाणं वाढलं ते गाडीमुळे. आईची किडनी कामातून गेली आणि आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, परभणीला डायलिसिस सुरू झालं. सकाळी सातची पाळी. म्हणजे साडेपाचला जिंतूर सोडायला हवं. पहिले दोन महिने एसटीनं नेलं. जाताना आई बसायची, येताना तिला बसवत नसे. बोरीच्या पुढं तिचं डोकं माझ्या खांद्यावरून घरंगळायला लागे. म्हणून मी जुनी गाडी घेतली. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली, वरून कापडी कव्हर घातलं आणि आता आपला प्रश्न सुटला असं जाहीर केलं. माझी जाहीर विधानं आमच्या घरात कुणी फारशी मनावर घेत नाही.

महिनाभरानं एका मंगळवारी किल्ली फिरवली, तर सेल्फ उचलेना. नुसतं खट्, खट्. आई मागच्या सीटवर शाल पांघरून बसलेली, बायको धक्का मारतेय, मी किल्ली फिरवतोय आणि तोंडानं "होईल, होईल" म्हणतोय. अप्पा तोंडात मिश्री धरून फाटकापाशी आले. बघत राहिले. मग चूळ भरून म्हणाले, "सर, सूनबाईला किल्ली द्या अन् तुमी धक्का मारा. निदान बघायला तरी बरं दिसंल."

धक्क्यानं गाडी सुरू झाली. पण पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. मग मी नवी बॅटरी आणली. तीही दहा दिवसांत मेली. दुकानदारानं बदलून दिली, तिचंही तेच झालं. अप्पांना हे कळल्यावर ते अक्षरशः कळवळले. "रांजणाला भोक हाय, अन् तुमी रोज नवं पाणी आणून भरायलाव! बॅटरी मरत न्हाई सर, तिला कुणीतरी पियायलंय. कोण पियायलंय ते धुंडावं लागंल."

आणि त्यांनी धुंडायला सुरुवात केली. मीटर घेऊन यायचे, बॉनेटखाली तासन्‌तास वाकून एकेक फ्यूज काढून बघायचे. टर्मिनलवर जमलेला पांढरा फुलोरा गरम पाण्यानं धुवायचे. एका रविवारी तर त्यांनी आमच्या अख्ख्या घरादाराला शेडसमोर उभं केलं आणि गाडीत वीज कुठं कुठं गळते याचा तास घेतला. डिकीतला दिवा, दाराचा अर्धवट लागलेला खटका, नंतर बसवलेला टेप. स्टिअरिंगजवळची दांडी धरून म्हणाले, "हिचं टोक फिरवलं की पुढचे-मागचे बारके दिवे लागतेत. किल्ली बी लागत न्हाई. रातभर ऱ्हायले की सकाळी बॅटरी खलास." मी मान डोलावत होतो, मुलगी मोबाइलवर होती, बायकोचं लक्ष गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे, आणि आई ओट्यावर बसून सुपात तूर निवडत होती.

त्याच दिवशी त्यांनी रात्रभर वीज पिणारा तो टेप काढून टाकला, तरी आठवड्याभरानं बॅटरी पुन्हा मेली, आणि दुसरी गळती काही सापडली नाही. तेव्हा अप्पांनी दुसरा मार्ग काढला. ते एका संध्याकाळी एक लाकडी फळी घेऊन आले. फळीवर साठ वॉटचा बल्ब, एक बारीक डायोड, दोन वायरी आणि दोन चिमटे. घरातल्या प्लगमधून वीज बल्बमधून जाणार, तिथून थेट बॅटरीत. बल्ब मिणमिणला की समजायचं, बॅटरी थेंब थेंब पितेय. मी ते बघून हबकलो. "अप्पा, हे चिमटे तर सरळ मेनला जोडलेले आहेत! कुणी हात लावला तर?"

"मरंल," अप्पा शांतपणे म्हणाले. "मनून हात लावायचा न्हाई."

बायकोनं मात्र ती फळी घरात ठेवायला साफ नकार दिला. माझ्या विज्ञानाचं ज्यांनी कधी ऐकलं नाही त्या अप्पांनी तिचं एका शब्दात ऐकलं. चार दिवसांत ट्रान्सफॉर्मर गुंडाळून, लाकडी खोक्यात बसवून, नीट चार्जर तयार करून आणला. तो एका सुरात गुणगुणायचा. त्यांचं म्हणणं एकच: "उपाशी मानसाला एकदम ताट वाढलं तर पोटात कळ येती. तसंच हिचं हाय. थेंबाथेंबानं पाजायचं, घाई न्हाई करायची." आई ओट्यावरून म्हणाली, "माझ्यासारखंच हाय की हिचं बी. वायरी लावून पडायचं अन् चार दिवस ढकलायचं." आम्ही सगळे हसलो. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, हे आठवलं की आजही कानाला टोचतं.

अप्पांचा नियम कडक. दुपारी चार्जर लावायचा, दिवेलागणीला काढायचा. रात्री शेतातल्या मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज चढतं, त्या चढलेल्या विजेचा त्यांना भरवसा नव्हता. चार्जर काढला की मीटर लावून आकडा शेडच्या भिंतीवर खडूनं लिहायचा. त्या भिंतीवर बारा पॉइंट सहा व्होल्टची एक उभी माळच झाली होती. संध्याकाळी बॅटरी टंच भरलेली, आणि मंगळवारी पहाटे मेलेली. शुक्रवारी पहाटे मेलेली.

मग ते घडलं. एका मंगळवारी गाडी उशिरा सुरू झाली, तिथली पाळी दुसऱ्याला गेली, आम्ही हात हलवत परत आलो. शुक्रवारी धक्का मारूनही ती सुरूच झाली नाही, आणि नेमका भाड्यानं येणारा जीपवाला लग्नाच्या वऱ्हाडात. रविवारी दुपारी आईचा चेहरा सुजला, ओठ निळे पडले, श्वास घेताना छातीतून पाणी हलल्यासारखा आवाज यायला लागला. ॲम्ब्युलन्समध्ये मी तिचा हात धरून बसलो होतो आणि तिच्याकडे न बघता खिडकीबाहेरचे सोयाबीनचे प्लॉट मोजत होतो. ती वाचली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "दोन पाळ्या चुकल्या की असंच होणार. दर वेळी आपण वेळेत पोचूच असं नाही."

अप्पा तीन दिवस परभणीला दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. आईपेक्षा त्यांचाच चेहरा जास्त उतरला होता. परत आल्यावर ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत. फक्त एक हुकूम दिला: रोज सकाळी साडेपाचला उठून गाडी सुरू करायची. पाळी असो वा नसो. मी निमूटपणे केली. शनिवारी, रविवारी, सोमवारी ती पहिल्या किल्लीला सुरू झाली. मंगळवारी मेली. आम्ही धक्का मारून गेलो. पुढं दोन दिवस पुन्हा झकास, आणि शुक्रवारी खट्, खट्.

अप्पांनी भिंतीवरच्या आकड्यांवर बोट फिरवलं. "सर, ही बॅटरी वार बघून मरायलीय का?"

मी हवेतल्या दमटपणाबद्दल काहीतरी बोललो. बायकोनं तोवर बंपरला लिंबू-मिरची बांधली होती, आणि विज्ञानाच्या शिक्षकानं ती बांधू दिली होती. अप्पांनी आधी लिंबाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि निघून गेले.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. मला इतका आनंद झाला की परभणीपर्यंत मी गाणं म्हणत गेलो. आई मागं गप्प होती. मला वाटलं, माझं गाणं ऐकून. दुपारी घरी आलो, तिला निजवलं, आणि अप्पांनी त्यांच्या ओट्यावरून हाक मारली.

"सर, जरा बसा. असं न्हाई, भिंतीला टेकून बसा."

मी टेकून बसलो.

"काल दिवेलागणीला चार्जर काढला अन् घरी न जाता शेडच्या मागं बसलो. पत्र्याला भोक हाय, तिथून बघत. म्हनलं, चोर धरायचाच. अर्ध्या घंट्यानं अक्का आल्या. कव्हर वर केलं. दार उघडलं. दांडीचं टोक फिरवलं, दार लावलं, कव्हर सारखं केलं अन् गेल्या. त्या पहाटं तुमच्या आधी उठतेत न्हवं? येऊन बंद करत आसतील. काल म्या बंद केला."

मला अर्थ लागायला वेळ लागला. बॅटरीला कोण पितंय ते आम्ही चार महिने शोधत होतो. ती मरावी म्हणून माझी आई दर सोमवारी आणि गुरुवारी, हात कापत असताना, सांधे दुखत असताना, शेडपर्यंत चालत जात होती. मला वार आधी कळला नव्हता, कारण मी गाडी त्या दोनच दिवशी काढत होतो. गाडीला कुलूप कधी लावलं नाही, कारण आपल्या आवारातून कोण नेणार.

आणि मग मला तो रविवार आठवला. अप्पांच्या त्या तासाला आईनं सुपातून मान वर न करता विचारलं होतं, "अन् सकाळी बंद केले तर, अप्पा?" अप्पा कौतुकानं म्हणाले होते, "तर कुणाच्या बापाला कळायचं न्हाई, कामून मेली." या वयात केवढी जिज्ञासा, असं मी दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात उदाहरण म्हणून सांगितलं होतं.

मी ताडकन उठलो. घरी जाऊन काय बोलणार होतो ते देव जाणे. अप्पांनी माझं मनगट धरलं.

"बसा. तुमी बोलायचं न्हाई. तिला खटका कुणी दावला? म्या दावला. तीस वर्षांत माझ्या हातून लाइनवर एक मानूस गेला न्हाई सर. अन् हितं, ओट्यावर बसलेल्या बाईला…" त्यांच्या सुनेनं नंतर सांगितलं, आदल्या संध्याकाळपासून ते जेवले नव्हते.

रविवारी दुपारी अप्पा आमच्या ओट्यावर आले. मी आणि बायको दाराआड उभे राहून ऐकत होतो. शिक्षकानं असं करू नये, पण मी तेव्हा शिक्षक नव्हतो.

"अक्का, परवा गाडी सुरू झाली."

"झाली की."

"तुमी खटका फिरवला व्हता. म्या बंद केला."

सुपातली तूर एकदा उडाल्याचा आवाज आला. मग आईचा. "बरं केलं. तुमीच मनले व्हते, असं केलं की बॅटरी मरती. खोटं बोलता का काय, बघत व्हते."

"हसण्यावारी नका नेऊ. मागल्या खेपेला तुमी जाता जाता वाचलाव. कामून करायलाव हे?"

तूर पुन्हा दोनदा उडाली.

"अप्पा, चार तास तिथं पडायचं. घरी आलं की दीड दिवस उठवत न्हाई. उठून जरा दोन दाणे निवडावं तर पुढला वार दारात. त्याच्या रजा सरल्या. नातीची परीक्षा व्हती, तिला सोडायला जायचं तर हा माझ्या उशाला. मला थकवा आलाय. मरायची घाई न्हाई, पण थकवा आलाय."

"मंग सरला सांगायचं तसं."

"सांगितलं. तीनदा सांगितलं. त्यो मनतो, आई, असं बोलायचं नाही. ओरडून न्हाई, लय मायेनं मनतो. मायेनं मनलं की मानसाला पुढं बोलताच येत न्हाई बगा."

बायकोनं माझा दंड धरला होता. त्याची गरज होती. कारण ते खरं होतं. तीनदा की चारदा ते मी मोजलं नव्हतं, पण वाक्य माझंच होतं. ते बोलताना मी तिच्या केसांवरून हात फिरवत असे आणि आपण किती चांगला मुलगा आहोत असं मला वाटत असे.

अप्पा सावकाश बोलले. "अक्का, मला बी गोड बोलता येत न्हाई. लाइनीवरचं सांगतो. वर चढायचं तर आधी खाली सांगावं लागतं, लाइन बंद करा. अन् खालच्यानं वरच्याला न इचारता खटका हलवायचा न्हाई. हलवला तर वरचा जातो. तुमी गुपचूप खटका फिरवायलाव, अन् वर तुमचं लेकरू चढलेलं हाय."

तूर उडायची थांबली.

"न्हाई जायचं, तर तोंडानं मना, न्हाई जायचं. दत्ता सरला ऐकायला लावायचं काम माझं. पण खटक्याला हात न्हाई."

"अन् त्यानं न्हाई ऐकलं तर?"

"तर म्या त्याच्या घरची लाइन तोडतो. पुन्हा जोडत बी न्हाई."

आई हसली. कित्येक महिन्यांनी हसली. मग म्हणाली, "राणीसावरगावला माझी थोरली बहीण हातरुणाला खिळलीय. दोन वारांच्या मधात जाऊन यायचा जीव ऱ्हात न्हाई अंगात. एकदा तिला बघायचंय. पुढचं पुढं बघू."

अप्पांनी दाराकडे न बघताच हाक मारली. "सर, दाराआड उभं ऱ्हाऊन पाय दुखले आसतील. डॉक्टरला फोन लावा, इचारा, मंगळवारचं बुधवारी चालंल का."

मी फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आधी सांगून, पाणी मोजून पिऊन, एखाद्या वेळी एक दिवस पुढं ढकलता येईल. सवय लावू नका. बस्, एवढंच. हे मी इतक्या महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. मी फोन हातात धरून तसाच उभा राहिलो. माझा चेहरा बघून आईलाच माझी दया आली असावी. "जाऊ दे रे दत्ता," ती म्हणाली.

मंगळवारी आम्ही राणीसावरगावला गेलो. दोघी बहिणी दिवसभर एकमेकींचे हात धरून बसल्या आणि कुणी कुणाला तब्येत विचारली नाही. अप्पा बरोबर होते. तेव्हापासून ते दर खेपेला बरोबर यायला लागले. परभणीत पहिल्याच दिवशी त्यांनी डायलिसिसच्या मशीनचा प्लग वाकून बघितला आणि तिथल्या टेक्निशियनला "अर्थिंग कुटं केलीय?" असं विचारलं. त्या बिचाऱ्यानं दाखवल्यावर त्यांचं समाधान झालं, मग ते आईच्या खाटेपाशी स्टूल घेऊन बसले. चार तास दोघांची भांडणं चालायची. आई घोटभर चहा जास्त मागायची, अप्पा घोट मोजायचे. "अक्का, हा तिसरा." "दुसरा हाय." "तिसरा हाय, म्या मोजायलो." "खांब मोजा तुमी, घोट नका मोजू." शेजारच्या खाटांवरची माणसं तोंडावर हात धरून हसायची. मला शाळेत जाता यायला लागलं; कित्येकदा मी त्यांना पोचवून परत यायचो आणि दुपारी आणायला जायचो. भिंतीवर खडूचे आकडे चढत राहिले, आणि पहाटे गाडी सुरू होत राहिली. टेप निघाल्यापासून तिला गळती नव्हतीच कधी.

आईनं तोंडानं 'नाही' म्हटलं का? म्हटलं. दोनदा. दोन्ही वेळा अप्पा गाडीला टेकून उभे राहून मला बघत होते. मी गप्प बसून ऐकलं. एकदा अर्ध्या तासानं ती आपणहून गाडीत येऊन बसली. एकदा दुसऱ्या दिवशी गेलो. मला फार मोठं काही करायचं नव्हतं, फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. मास्तराला ते किती अवघड जातं हे मास्तरच जाणे.

अप्पा गेले ते एका गुरुवारी. मी शाळेत होतो. बायकोचा फोन आला. अप्पांचं नाव ऐकून मी विचारलं, "मग, चार्जर लावला का?" ती म्हणाली, "अहो, अप्पा गेले." मी पुन्हा विचारलं, कुठं गेले. जेवून खाटेवर बसले होते, सुनेला पाणी मागितलं, ती पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. खांबावरून पडून नाही, तारेला चिकटून नाही. मला हे कुणीतरी मुद्दाम चुकीचं सांगतंय असंच वाटत राहिलं. आजही कधी कधी वाटतं.

शुक्रवारी त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना समाधी द्यायची होती. बसलेल्या स्थितीत, लिंग हातात, भोवती भस्म आणि बेलाची पानं. पहाटे साडेपाचला आई अंगणात उभी होती, पण गाडीपाशी नाही, अप्पांच्या फाटकापाशी. म्हणाली, "मी आज परभणीला येणार न्हाई." माझ्या ओठांवर ते जुनं वाक्य आलं होतं. अप्पा बघायला नव्हते. मी ते गिळलं, आत जाऊन फोन केला आणि शनिवारची पाळी मिळवली. दिवसभर ती अप्पांच्या ओट्यावर, त्यांच्या सुनेच्या शेजारी बसून होती. एक घोट पाणीही तिनं मोजून घेतलं.

शनिवारी पहाटे मी शेडमध्ये गेलो. दोन दिवस चार्जर कुणी लावला नव्हता. कव्हर काढून घडी केलं. आत आलो तर आई शाल पांघरून खाटेवर बसलेली, चपला घातलेल्या नाहीत. मी खाली तिच्या पायांपाशी बसलो. आजवर हे वाक्य मी कधी उच्चारलंच नव्हतं आणि उत्तर काय येईल ते मला खरोखर माहीत नव्हतं.

"आई, जायचं का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ, की बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली.

"आज जाऊ," आई म्हणाली, आणि पायानं चपला चाचपायला लागली. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठता उठता म्हणाली, "पण पुढल्या खेपेला बी इचार."